‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ : १९६२च्या चित्रपटाची पार्श्वभूमी

युजीन ओनील या अमेरिकी नाटककाराच्या या नाटकावरचा १९६२ सालचा अमेरिकी चित्रपट जवळजवळ तीन तास चालतो आणि त्यातील संवाद थोड्याफार काटछाटीनिशी मूळ संहितेतलेच आहेत. संहितेवरची ही निष्ठा नीट समजून घ्यायची, तर ती संहिता लोकांसमोर कशी आली, तिथपासून सुरुवात करावी लागते.

नाटक १९४१ मध्ये लिहून पूर्ण झाले. ते ऑगस्ट १९१२ मधील एकाच दिवसात घडते आणि त्या दिवसातले दुःख लेखकाच्या स्वतःच्या घरचे होते : एकाच गाजलेल्या भूमिकेत अडकून पडलेले वडील, मॉर्फिनच्या आहारी गेलेली आई, दारूत बुडालेला थोरला भाऊ आणि क्षयाने गाठलेला तो स्वतः. म्हणूनच १९४५ मध्ये त्याने हस्तलिखित लाखेने मोहोरबंद करून प्रकाशकाच्या हवाली केले आणि आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षे ते छापायचे नाही, अशी अट घातली. १९५१ मधील एका पत्रात त्याने तीच अट पुन्हा सांगितली आणि नाटकाचा प्रयोग तर कधीच होऊ नये, असेही लिहिले.

तो १९५३ मध्ये वारला आणि १९५६ मध्ये पुस्तक बाजारात आले. प्रकाशकाने दिलेला शब्द मोडायला नकार दिला होता. पण कायदेशीर हक्क पत्नीकडे होते आणि तिने संहिता एका विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाकडे सोपवली. ही अट लेखकाच्या पहिल्या लग्नाच्या मुलाच्या आग्रहाखातर होती आणि तो मुलगा १९५० मध्येच गेल्याने तिला आता अर्थ उरला नाही, असे तिचे म्हणणे होते. मात्र वर सांगितलेले पत्र मुलाच्या मृत्यूनंतरचे आहे, त्यामुळे हा युक्तिवाद टिकत नाही. तिचा निर्णय रंगभूमीच्या भाग्याचा ठरला, हे खरे; तरीही तो लेखकाच्या स्पष्ट इच्छेविरुद्ध होता, हे नोंदवायलाच हवे.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पहिला प्रयोग स्टॉकहोममध्ये स्वीडिश भाषेत झाला, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत, आणि १९५७ मध्ये लेखकाला मरणोत्तर पुलित्झर पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्कच्या प्रयोगात थोरल्या मुलाचे काम करणारा नटच पुढे चित्रपटातही त्या भूमिकेत दिसला.

चित्रपट कृष्णधवल आहे. कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी नाटकासारख्याच तालमी झाल्या. १९६२ च्या फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात चारही प्रमुख कलावंतांना अभिनयाची पारितोषिके मिळाली, तरी ‘पडद्यावर उतरवलेले नाटक’ हा शिक्का त्याच्यावर बसलाच. शेवटचा प्रसंग पाहिला की तो शिक्का अन्यायाचा वाटतो. आई बोलत असते, कॅमेरा मागे मागे सरकत जातो, टेबलाभोवतीची चार माणसे काळोखात लहान होत जातात, आणि मग एकाएकी चेहरे अगदी जवळून समोर येतात.