कर्णनाद आणि कानांची जपणूक : इंदूरच्या संदर्भात

बाहेर कुठलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. कोणाला रातकिड्याची किर्रकिर्र ऐकू येते, कोणाला बारीक शिट्टी, कोणाला विजेच्या डीपीसारखी घूंघूं. घरात याला ‘कान वाजतात’ म्हणतात. त्रास जुनाच आहे : सुश्रुताने कानाचे २८ रोग सांगितले, त्यांत प्रणाद आणि क्ष्वेड हे दोन्ही कानातल्या आवाजाचेच प्रकार. प्रौढांमध्ये शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा जणांना तो कमीअधिक जाणवतो. तो स्वतः रोग नसून लक्षण आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा वयाने किंवा गोंगाटाने आलेली ऐकण्यातली घट असते. एकदा बसलेला कर्णनाद समूळ घालवणारे औषध अजून सिद्ध झालेले नाही. पण तो होऊ न देणे, आणि असलेला वाढू न देणे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आतल्या कानात वाटाण्याएवढी, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाज आला की त्यांचे बारीक केस लवतात आणि मज्जातंतूला निरोप जातो. माळव्यातला गव्हाचा शेतकरी हे पटकन ओळखेल : झुळकीने ओंब्या डोलतात, वादळात पीक आडवे होते, त्यातले काही पुन्हा उभे राहते, काही मोडतेच. पक्ष्यांमध्ये या पेशी नव्याने उगवतात, माणसात उगवत नाहीत. निरोप कमी येऊ लागले की मेंदू ते पकडण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसा हा प्रकार.

मोठ्या आवाजानंतर कानाला ‘दडे बसतात’. हा मराठी शब्दप्रयोग वैद्यकीयदृष्ट्याही नेमका आहे. कान भरल्यासारखा वाटतो, समोरच्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे येते, बारीक शिट्टी वाजत राहते. एकदोन दिवसांत सारे ओसरते. पण ओसरले म्हणजे भरून आले असे नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की ऐकण्याची तपासणी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले काही सांधे कायमचे तुटलेले असतात. ‘काल काय वाजवलं राव, अजून दडे सुटले नाहीत’ हे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा खरे तर कान दुखापतीची खबर देत असतो. दडे बसले की पुढचे दोन दिवस कानांना शांत ठेवावे. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मिरवणुकीत उभे राहू नये.

इंदुरात असे प्रसंग वर्षातून बरेच येतात. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ रात्रभर चालतात, त्यांच्यासोबत आखाडे, बँड, डीजे. गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींचे ढोल-ताशेही घुमतात. ढोलापेक्षा ताशा कानाला जास्त जाचक असतो, कारण त्याचा आवाज उंच पट्टीचा, तुटक आणि वादकाच्या हातभर अंतरावर असतो. गोंगाटाने ऐकू कमी येऊ लागते ते बहुधा उंच पट्टीत, ४,००० हर्ट्‌झच्या आसपास. त्यामुळे आधी ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात आणि माणूस म्हणतो, ऐकू येतं, पण कळत नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांच्या जमान्यात हाच घाव उत्सवाचा नसून रोजच्या पाळीचा होता. मागांच्या खडखडाटात जगभरचे विणकर ओठ वाचून आणि हातवाऱ्यांनी बोलत आले आहेत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण गेलेले ऐकणे परत येत नाही.

धोका किती, याचा हिशेब डेसिबलमध्ये होतो आणि तो फसवा आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला आठवड्याची सगळी शिदोरी साधारण २० मिनिटांत संपते, आणि पथकाच्या मधोमध किंवा डीजेसमोर १०० सहज ओलांडले जातात. फटाक्याचे गणित याहून वेगळे. कानातला छोटा स्नायू मोठ्या आवाजाला आखडून थोडे संरक्षण देतो, पण फटाक्याचा ठोका तो आखडण्याआधीच आत पोचलेला असतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की सहा डेसिबलपर्यंत घट मिळते. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात, तिथे ती कमी. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी. फोमचे बोळे चांगले, मात्र नीट घातले तर. बोळा चिमटीत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो शोभेचा. वादकांसाठी सूर न बिघडवता आवाज उतरवणारे खास बोळेही मिळतात, आणि प्रत्येक पथकाने ते ढोलाच्या दोऱ्यांइतकेच आवश्यक मानावेत. लहान मुलांना कानावर बसणारे मफ घालावेत. बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाचे कान नेमके स्पीकरच्या उंचीला येतात.

कायदाही आहे. केंद्राच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी. मध्य प्रदेशाचा स्वतःचा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे.

ज्यांचे कान आधीच वाजतात त्यांनी उलट टोकाची चूक टाळावी : दिवसभर बोळे घालून बसू नये. शांतता वाढली की मेंदू आणखी ताणून ऐकतो आणि साधे भांडे पडले तरी सहन होईनासे होते. रात्री खोली अगदी निःशब्द ठेवण्यापेक्षा पंखा किंवा पावसाच्या आवाजाचे हलके रेकॉर्डिंग बरे. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्राने कर्णनादही अनेकांना सुसह्य होतो, आणि त्याच्या धास्तीवर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन, उपयोगी पडतात. जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतले अ‍ॅस्पिरिन ही औषधे कानाला बाधू शकतात. ती मनाने बंद करू नयेत, कान वाजत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. लसणाचे कोमट तेल पडद्यापलीकडे जात नाही, आणि पडद्याला भोक असेल तर अपाय करते.

आवाज एकाच कानात असणे, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणे, सोबत भोवळ येणे : या तिन्ही वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवणे जरुरीचे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब आहे. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर आशा झपाट्याने कमी होते; आणि उत्सवानंतरचा दडा समजून ‘सुटेल हो आपोआप’ म्हणत वाट पाहण्यात नेमके हेच दिवस जातात.