इको साउंडर की सोनार: टूनाची पिल्लं दिसतात कशावर?

उजनीत गाळ किती साठला, यावर सोलापुरात वाद रंगतो. धरणातला असा गाळ मोजायला होडीच्या बुडाशी जे यंत्र लावतात, तो इको साउंडर. आवाज सोडायचा आणि तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. बरेच जण त्यालाच सोनार म्हणतात. तत्त्व एकच, त्यामुळे तसं म्हटल्यानं धरणात काही बिघडत नाही. समुद्रात टूनाची, म्हणजे कोकणातल्या कुप्याची, पिल्लं मोजायला निघालं की मात्र बिघडतं.

इको साउंडरचा झोत सरळ खाली जातो आणि अरुंद असतो. संशोधन जहाजांवर तो साधारण 7 अंशांचा असतो. म्हणजे 50 मीटर खोलीवर जेमतेम 6 मीटर रुंदी दिसते. पृष्ठभागालगतचं काही मीटर पाणी तर त्याच्या नजरेत येतच नाही. आणि टूनाची पिल्लं बऱ्याचदा नेमकी त्याच थरात फिरतात, जहाज डोक्यावर यायच्या आत बाजूलाही होतात.

सोनारचा झोत आडवा जातो, चौफेर फिरतो. शेकडो मीटरवरचा थवा बुजायच्या आधीच टिपता येतो. मग सोनारच वापरावा की! गोची इथेच आहे. आवाज परतवते ती मुख्यतः माशाच्या पोटातली हवेची पिशवी (स्किपजॅक टूनाला तीही नसते). आडवं पाहताना मासा कुशीवरून दिसतो की शेपटीकडून, यावर प्रतिध्वनी कमी-जास्त होतो. लाटांखालचे बुडबुडे आणखी गोंधळ घालतात. इको साउंडरखाली धातूची ठरावीक गोळी टांगून त्याचं माप जुळवता येतं, म्हणून त्याच्या प्रतिध्वनीवरून माशांचं वजन काढता येतं. सोनारवरून थवे किती आणि केवढे, इतपतच भरवशानं सांगता येतं.

म्हणजे हाती येतो तो निर्देशांक. उजनी शून्य टक्क्यांवर आली तरी तळाशी 63 टीएमसीचा मृतसाठा असतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. निर्देशांकाचंही तसंच: तो घसरला म्हणजे समुद्र रिकामा झाला असं नव्हे, यंदा मागल्यापेक्षा कमी दिसले, एवढंच.

दक्षिणी ब्लूफिन टूना जावाच्या दक्षिणेला अंडी घालतो आणि त्याची पिल्लं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानं खाली सरकतात. तो वयात यायला आठेक वर्षं तरी लागतात. त्यामुळे पिल्लांचं एखादं वर्ष वाया गेलं, तर ते लवकर कळणं गरजेचं असतं. 1990च्या दशकात जपानी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तिथं वर्षभराची पिल्लं सोनारनं शोधली. पुढे जहाजामागे गळ ओढत नेऊन पाहणी झाली. 2016 पासून वेगळीच पद्धत आहे: दोन वर्षांच्या माशाचा मांसाचा कण घेऊन त्याला सोडायचं आणि पुढच्या वर्षीच्या पकडीत त्याच जनुकांचे मासे किती सापडतात ते बघायचं. त्यातून मात्र थेट संख्येचा अंदाज निघतो, आणि त्यासाठी पाण्यात आवाज सोडावाच लागत नाही.