पहिली कार्डी बी नव्हे, लॉरिन हिल

‘दुसऱ्या कुणाच्या नावाशिवाय बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल ठरलेली पहिली महिला रॅपर कार्डी बी,’ असं २०१७ पासून छातीठोकपणे सांगितलं जातं. हे चूक आहे. तो मान लॉरिन हिलचा. तिचं ‘डू वॉप (दॅट थिंग)’ हे गाणं नोव्हेंबर १९९८ मध्ये यादीत आलं तेच थेट पहिल्या क्रमांकावर! व्हिडिओत पडदा उभा दुभागलेला: डावीकडे १९६७, उजवीकडे १९९८, न्यूयॉर्कचा तोच रस्ता, दोन्हीकडे तीच गातेय. पहिलं कडवं मुलींना खडसावतं, दुसरं मुलांना.

कार्डी बीच्या ‘बोडॅक यलो’ या गाण्याचं यश मोठंच, पण ते ‘१९९८ नंतर पहिल्यांदाच’ होतं. मधल्या काळात लिल किम, इगी अझेलिया अव्वल आल्या, त्या इतरांच्या साथीनं. सांगता सांगता ‘१९९८ नंतर’ हे शब्द गळाले आणि लॉरिनचं नावच पुसलं गेलं.