दहा नंबरचा बूट : ४४ की ४५?

ब्रिटिश मापाचा दहा नंबर ऑनलाइन दुकानांतील एका तक्त्यात युरोपीय ४४ समोर, तर दुसऱ्यात ४५ समोर लिहिलेला आढळतो आणि यांपैकी एक तक्ता चुकीचा असणार, अशी ग्राहकाची समजूत होते. खरे कारण असे की, या दोन मोजपट्ट्यांच्या रेघा एकमेकींवर बसतच नाहीत.

ब्रिटिश नंबराचे एकक म्हणजे जवाचा दाणा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लांबीने ओळीत ठेवलेले तीन दाणे म्हणजे एक इंच, असे मानत. (प्राचीन भारतीय मापनातही आठ यवांच्या रुंदीचे एक अंगुल होई, हे साम्य मला विलक्षण वाटते.) म्हणून लागोपाठच्या दोन नंबरांत एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे ८.४७ मिलिमीटरचे अंतर असते. मुलांची मापे चार इंचांना शून्य धरून सुरू होतात, तेरापर्यंत जातात आणि मोठ्यांसाठी पुन्हा एकपासून मोजणी होते; त्यामुळे मोठ्यांच्या नंबरात २५ मिळवून तीनने भागले की इंचांतील लांबी मिळते. युरोपीय ‘पॅरिस पॉइंट’ मात्र दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे ६.६७ मिलिमीटरचा असून त्याची मोजणी थेट शून्यापासून होते.

आता दहा नंबर घेऊ. ३५ भागिले ३ म्हणजे ११.६७ इंच, अर्थात २९.६३ सेंटिमीटर, त्याची दीडपट (दोन तृतीयांशाने भागणे म्हणजेच दीडपट करणे) ४४.४५. हा अपूर्णांक कोणी खाली ओढतो, कोणी वर. आठ नंबर याच रीतीने ४१.९ येतो, तेव्हा तेथे ४२ लिहिताना फारसे बिघडत नाही. अमेरिकी पायरीही जवाचीच, परंतु शून्य अलीकडे सरकलेले असल्याने पुरुषांचा नंबर ब्रिटिशाहून साधारण अर्ध्या ते एका अंकाने मोठा असतो, स्त्रियांचा त्याहूनही मोठा.

शिवाय ही लांबी पायाची नसून, ज्या साच्यावर बूट बेततात त्या फर्म्याची असते. फर्मा पायाहून साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतो. नेमका किती, ते कंपनी आणि बुटाचा घाट यांवर ठरते. म्हणूनच एकाच नंबराचे दोन बूट वेगळे बसतात. याउलट जपानी माप सेंटिमीटरमध्ये आणि ‘आयएसओ ९४०७’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे ‘मोंडोपॉइंट’ माप मिलिमीटरमध्ये थेट पायाचीच लांबी सांगते. मोंडोपॉइंटमध्ये रुंदीही असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा ते युरोपीय आणि अमेरिकी पायांहून रुंद आढळले. त्यामुळे रुंदीचा हा आकडा आपल्याला विशेष महत्त्वाचा आहे.

पाय संध्याकाळी, किंचित सुजलेला असताना, भिंतीला टाच टेकवून आणि उभे राहून मोजावा. टाचेपासून सर्वांत पुढे असलेल्या बोटापर्यंतचे अंतर घ्यावे; ते बोट अंगठ्याशेजारचेही असू शकते. असे बोट लांब असलेली स्त्री नवऱ्यावर हुकमत गाजवते, ही समजूत निराधार आहे; त्या लांबीने फक्त बुटाचे माप बदलते. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप तक्त्यातील ‘पायाची लांबी’ या रकान्याशी ताडून पाहावे.