मे महिन्यात जुनी जिंकली, डिसेंबरात नवी

अमळनेरला माझ्या मामांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, लग्नसराईत भर मे महिन्यात मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर प्लेअर मांडलेला असायचा आणि मामा सारखी गोणपाटाची सावली इकडून तिकडे सरकवत बसायचे. मला वाटायचं रेकॉर्ड वाकू नये म्हणून करतात. ते तर होतंच, पण त्यांना खरी काळजी पिनमागच्या क्रिस्टलची असायची. पिन बसवलेली जी छोटी डबी असते तिला कार्ट्रिज म्हणतात, त्या काळच्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असायचा, तो वाकला-दबला की वीज तयार होते, पण साधारण ५५ डिग्रीला तो कायमचा मोडतो, आणि आपल्याकडच्या उन्हात झाकण लावलेल्या पेटीत ५५ काही लांब नसतं. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं, दोन-तीन कार्ट्रिज गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे धुळ्याचे आमचे जिभाऊ. त्यांच्याकडे डेनॉन या जपानी कंपनीच्या डीएल-१०३ मॉडेलच्या दोन कार्ट्रिज आहेत, एक ऐंशीच्या दशकातली आणि एक अगदी नवी. मॉडेल तेच, कागदावरचे आकडे तेच, आणि जिभाऊ ठामपणे म्हणतात की जुनीचा आवाज भरलेला आहे, नवी पातळ वाजते. असं म्हणणारे जगभर आहेत, जुनी आवृत्ती भारी की नवी हा वाद महागड्या कार्ट्रिजच्या बाबतीत कधी मिटतच नाही. मला मात्र त्यामागचं कारण हवं होतं.

आधी थोडक्यात आत काय चालतं ते बघू. रेकॉर्डमधली चर वरच्या बाजूला केसापेक्षाही बारीक असते. हिऱ्याची पिन तिच्या दोन्ही भिंतींना घासत चालते, पिन एका बारीक काडीच्या टोकाला बसवलेली असते तिला कँटिलिव्हर म्हणतात, काडीच्या दुसऱ्या टोकाला तारेची चिमुकली गुंडाळी असते आणि ती गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वीज निर्माण होते. सायकलचा डायनामो असतो तसंच, फक्त इथे मिळतं ०.३ मिलिव्होल्ट. हा झाला मूव्हिंग कॉइल प्रकार, डीएल-१०३ यातलीच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनवलेली आणि आजही बनतेय.

आता या काडीला मागे धरून कोण ठेवतं, तर रबराचा एक इवलासा डॅम्पर. माझ्या मते निम्मी भांडणं तिथून सुरू होतात, कारण हिरा रोज थोडा थोडा झिजतो ते सगळ्यांना माहितेय, चुंबक दशकानुदशकं जवळपास तसाच राहतो, तांब्याच्या तारेला काही होत नाही, पण रबर मात्र कपाटात नुसतं पडून असलं तरी म्हातारं होतं. ते कडक होतं, कधी खचतं, आणि काडीचा कोन बदलतो.

रबर किती लवचिक आहे त्याला कंप्लायन्स म्हणतात. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, आणि कार्ट्रिज यांचं वजन त्या रबरावर स्प्रिंगवर ठेवल्यासारखं डोलतं, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला जास्त डोलतं ते काढायचं सोपं सूत्र आहे, वजन गुणिले कंप्लायन्स, त्याचं वर्गमूळ, आणि १५९ ला त्याने भागायचं. जिभाऊंच्या आर्मचं परिणामी वजन, म्हणजे हलताना पिनेला जेवढं जाणवतं ते, १५ ग्रॅम, कार्ट्रिज साडेआठ, स्क्रू धरून साडेचोवीस. डीएल-१०३ ची कंप्लायन्स कंपनी ५ सांगते पण ती १०० हर्ट्झला मोजलेली, जपानी कंपन्यांची पद्धतच ती, युरोपवाले १० हर्ट्झला मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून तुलना करणारे इथेच फसतात. १० हर्ट्झला ती अंदाजे दुप्पट, म्हणजे १० धरली तर उत्तर येतं १० हर्ट्झ. उत्तम. रेकॉर्ड वाकडी असेल तर तिचे हेलकावे पाच-सहाच्या खाली असतात, संगीत वीसच्या वर सुरू होतं, आणि डोलणं बरोबर मधल्या रिकाम्या जागेत पडतं.

रबर कडक होऊन कंप्लायन्स निम्मी झाली तर हेच उत्तर १४ च्या पुढे जातं. मग ते खालच्या बासच्या जवळ येतं, बास फुगल्यासारखा वाटतो, आणि मोठ्या आवाजाच्या जागी पिन चर नीट धरत नाही.

जिभाऊंचा तो भरलेला आवाज हाच तर नाही ना, असं मला वाटलं.

म्हणून मे महिन्यात दुपारी बसलो. कूलर बंद केला, नाहीतर त्याची घरघरच ऐकू येते, खोलीत ३८ डिग्री. टेस्ट रेकॉर्डवर खालच्या फ्रिक्वेन्सीचा ट्रॅक असतो, डोलण्याची जागा आली की आर्म डोळ्यांना दिसेल इतका थरथरतो. जुनी थरथरली ११ च्या आसपास, नवी ८ ला. गाणी लावली तर जुनी खरोखरच छान वाजली, नवी थोडी सैल, वाकड्या रेकॉर्डवर तर स्पीकरचा पडदाही आतबाहेर होताना दिसत होता. जिभाऊ खुश. तीच जोडी, तोच आर्म, तीच रेकॉर्ड डिसेंबरात पहाटे लावली, खोलीत १५ डिग्री, तर जुनी गेली १४ ला आणि तारसप्तकात चक्क फाटायला लागली, नवी मात्र १० वर स्थिर. जिभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पुन्हा लाव रे भो.

कारण सरळ आहे, रबर उन्हाळ्यात मऊ होतं, थंडीत ताठ. म्हातारं कडक रबर आपल्या उन्हाळ्यात तापून पुन्हा मूळच्या लवचिकपणाजवळ आलं, आणि नवं रबर गरजेपेक्षा मऊ झालं. कार्ट्रिजचे आकडे साधारण वीस-पंचवीस डिग्रीची खोली गृहीत धरून असतात, आणि आपल्या खान्देशात तशी खोली वर्षातून किती दिवस मिळते ते सांगायला नको.

बरं, डिझाइनच बदललेल्या आवृत्त्यांमध्ये आणखी एक गंमत आहे. याच कार्ट्रिजची नंतर आलेली डीएल-१०३आर, हिची तार जास्त शुद्ध तांब्याची, गुंडाळीचा रोध ४० ओहमवरून १४ वर आला, व्होल्टेज ०.३ वरून ०.२५ वर. लोक म्हणतात आरचा आवाज कमी येतो. हे आकडे बिनलोडचे, म्हणजे कार्ट्रिजला पुढे काही न जोडता मोजलेले, धरून हिशोब करा. फोनो स्टेजचं, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरचं, इनपुट १०० ओहमवर असेल तर जुन्या डिझाइनचं काही व्होल्टेज स्वतःच्याच ४० ओहममध्ये खर्च होतं आणि हातात उरतं ०.२१४, आरमधून उरतं ०.२१९, म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच! इनपुट १००० ओहमवर नेलं की जुनी १.४ डेसिबलने मोठी वाजते, आणि तेवढ्या फरकाला आपला कान मोठा आवाज म्हणत नाही, जास्त चांगला आवाज म्हणतो. एका घरात बरोबरी, दुसऱ्या घरात जुनी भारी, आणि दोघेही प्रामाणिक. आवाज मीटरने समान केल्याशिवाय तुलना ऐकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या आवृत्त्या खरोखर पुढे गेल्यात ते पिनच्या आकारात. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, बाहेरच्या कडेला चर सेकंदाला ५१ सेंटीमीटर पळते, आत लेबलजवळ फक्त २१. म्हणजे १०,००० हर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉनची असते आणि आत २१ चीच. डीएल-१०३ चं टोक गोल, त्रिज्या १६.५ मायक्रॉन, ते एवढ्या दाट वळणांत पूर्ण शिरणार कसं? म्हणून शेवटचं गाणं मंद, धुरकट वाटतं. सत्तरच्या दशकात जपानमध्ये चार चॅनलच्या रेकॉर्डसाठी शिबाता टोक आलं, कारण त्या रेकॉर्डमध्ये जास्तीच्या चॅनलचा आवाज वाहून नेणारी ३० किलोहर्ट्झची कॅरिअर लहर कोरलेली असायची आणि ती गोल टोकाला वाचता येईना. पुढे ऑर्टोफॉन या डॅनिश कंपनीच्या रेप्लिकंटसारख्या टोकांची बाजूची त्रिज्या ५ मायक्रॉनपर्यंत आली. इथे जुनं बरं म्हणायला मला जागा दिसत नाही, फक्त हे बारीक टोक तिरकं बसलं तर गोल टोकापेक्षाही वाईट वाजतं, गोल टोक बिचारं सगळं सांभाळून घेतं.

जुनी म्हणून जे ऐकतो त्यात जुनं नेमकं किती उरलंय हेही बघावं लागतं. शुअर या अमेरिकन कंपनीची व्ही१५ टाइप ५ ही कार्ट्रिज १९८२ ची, हलक्या आणि ताठ बेरिलियमच्या काडीची. २०१८ मध्ये शुअरने कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, आता लोक जुन्या बॉडीत जिको या जपानी कंपनीची नवी पिन घालतात, काडी वेगळी, रबरही नवं, आणि त्याला जुनी व्ही१५ म्हणूनच ऐकतात. विकत घेताना रबर कोणत्या सालचं ते आधी विचारा. मीही एकदा रिटिप केलेली, म्हणजे जुन्या बॉडीत नवी पिन बसवलेली, कार्ट्रिज घेतली होती, विकणाऱ्याने हिरा आणि काडी नवी असल्याचं सांगितलं, डॅम्पर मूळचाच आहे हे सांगितलं नाही, आणि पैसे गेले.

एक उदाहरण मात्र उलटं आहे. प्रकाशावर चालणारी कार्ट्रिज तोशिबाने साठच्या दशकाच्या शेवटी काढली होती, काडीची हालचाल दिव्याच्या उजेडात मोजायची, पण आत छोटा बल्ब होता, तो तापायचा, आणि शेजारीच रबर. कल्पना मागे पडली. मग एलईडी आले, उष्णता संपल्यासारखीच, आणि डीएस ऑडिओ या जपानी कंपनीने तीच कल्पना पुन्हा उभी केली. इथे जुन्या-नव्याचा फरक नेमका कशाने पडला ते बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं.

जिभाऊंनी आता टर्नटेबलशेजारी थर्मामीटर टांगलाय. ऐंशीच्या दशकातली कार्ट्रिज डॅम्पर बदलायला पाठवायची की आहे तशी फक्त उन्हाळ्यात वाजवायची, यावर त्यांचं अजून ठरत नाहीये. पुढची बैठक फेब्रुवारीत ठेवलीय, तेव्हा संध्याकाळी खोली आपोआप २४-२५ ला असते, दोन्ही कार्ट्रिज पुन्हा लावून बघू.