माया दिवसांचे अर्थ: आह्कीहांची गणना आणि ‘ड्रीमस्पेल’

२१ डिसेंबर २०१२ ही तारीख जगबुडीच्या अफवेमुळे बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. जन्मतारखेवरून ‘माया दिनचिन्ह’ काढून देणारी काही संकेतस्थळं या दिवसाला ‘४ अहपू’ म्हणतात, तर काही ‘निळा स्फटिक हात’. दोन्हीकडे २६० दिवसांचं चक्र, तेरा आकडे आणि वीस चिन्हं. साहजिकच कुणाचं तरी गणित चुकलंय असं वाटतं. पण चूक कुणाचीच नाही. या गणनाच दोन वेगळ्या आहेत. एक मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या माया लोकांनी आजवर चालवलेली, दुसरी, ‘ड्रीमस्पेल’, विसाव्या शतकाच्या शेवटी रचली गेलेली.

पहिलीला किचे या माया भाषेत चोल्कीह म्हणतात. पुस्तकांत ‘त्झोल्किन’ हे नाव जास्त भेटतं. आकडा आणि नाव दोन्ही रोज एकेक घर पुढे सरकतात: १ बात्स, २ ए, ३ आह. तेरानंतर पुन्हा एक, विसाव्या नावानंतर पुन्हा पहिलं. तीच जोडी परत यायला २६० दिवस लागतात. ग्वातेमालातल्या सान बार्तोलोला भित्तिचित्राच्या तुकड्यावर ‘७ हरीण’ हा दिवस लिहिलेला सापडला आहे, तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. पुढे १५६२ मध्ये आजच्या मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. स्पॅनिश येण्याआधीच्या पोथ्यांपैकी आज जेमतेम चार उरल्या आहेत. तरी डोंगरातली मोजणी थांबली नाही. ती आह्कीहांनी, म्हणजे दिवस राखणाऱ्या स्त्री-पुरुषांनी, तोंडी जपली.

तोतोनिकापान प्रांतातलं मोमोस्तेनांगो हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. ८ बात्स या दिवशी तिथे नव्या आह्कीहांना दीक्षा मिळते. बार्बारा आणि डेनिस टेडलॉक या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने १९७६ मध्ये तिथेच ती घेतली होती, आणि बार्बारा यांच्या लेखनामुळे दिवसांचे अर्थ प्रत्यक्षात कसे वापरले जातात हे बाहेरच्यांना नीट कळलं.

इथे मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. या परंपरेत दिवस म्हणजे माणसाच्या स्वभावावर मारलेला शिक्का नव्हे. दिवसाला स्वामी म्हणून आदराने हाक मारतात, त्याच्यासमोर कोपालचा धूप आणि मेणबत्त्या लावतात. तो दिवस माणसाकडून काहीतरी मागतो. तोह हा देणं फेडण्याचा दिवस. कानिल म्हणजे बी, पिकलेला मका, पिकाबद्दलची कृतज्ञता. अहमाकला झालेल्या चुकांची क्षमा मागायची, पूर्वजांना स्मरायचं. नोह विचाराचा, त्सिकिन धनाची मागणी करण्याचा. बात्सशी धागा आणि आरंभ जोडलेले आहेत. कामे म्हणजे मृत्यू, पण म्हणून तो दिवस टाकाऊ नाही. गेलेल्यांशी बोलायला तोच योग्य. शिवाय आकड्याने दिवसाचा जोर बदलतो. लहान आकडे सौम्य, अकरा ते तेरा प्रखर, आणि मधले आठ-नऊ समतोल.

कौल लावताना तर अर्थ आणखी हलता होतो. आह्कीहाकडे त्सितेच्या लाल बिया असतात. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच वंशातलं. मूठभर बिया घेऊन त्यांचे चार-चारचे गट मांडायचे आणि गटागणिक एकेक दिवस मोजत जायचं. मोजणी ज्या दिवसावर येते तो, विचारलेला प्रश्न आणि आह्कीहाच्या अंगात जाणवणारी ‘रक्तातली वीज’ यांतून उत्तर निघतं. आजाराबद्दल विचारलं असताना आलेला तोह आणि लग्नाबद्दल विचारलं असताना आलेला तोह यांचा अर्थ एकच लावला जात नाही.

‘ड्रीमस्पेल’ ही होसे आर्ग्वेयेस (१९३९–२०११) यांची रचना. हे अमेरिकेतले कला-इतिहासकार. १९८७ च्या ऑगस्टमधल्या ‘हार्मोनिक कन्व्हर्जन्स’ या जागतिक ध्यानसोहळ्यामुळे त्यांचं नाव झालं, आणि १९९० च्या सुमारास ड्रीमस्पेलचा संच आला. लाल ड्रॅगन, पांढरा वारा, निळी रात्र, पिवळं बी अशा चार रंगांत वाटलेल्या वीस मुद्रा आणि तेरा ‘टोन’ मिळून प्रत्येकाची ‘गॅलॅक्टिक’ ओळख ठरते. वर्ष २६ जुलैला सुरू होतं. यात जन्ममुद्रा हीच मुख्य, आणि ती वाचायला आह्कीहाची गरज लागत नाही. म्हणूनच ती इतकी पसरली, असं मला वाटतं.

दोन गणना जुळत नाहीत याचं मूळ २९ फेब्रुवारीत आहे. चोल्कीह आपल्या वारांसारखी चालते. १५८२ मध्ये पोपने कॅलेंडरातून दहा तारखा गाळल्या, तरी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरला शुक्रवारच आला. उगवलेला प्रत्येक दिवस मोजला जातो, मग तारीख काहीही असो. ड्रीमस्पेल मात्र २९ फेब्रुवारी मोजतच नाही, त्यामुळे ती दर लीप वर्षी एक दिवस मागे पडते. २०१२ च्या अखेरीस ड्रीमस्पेल ४७ दिवसांच्या अंतराने पुढे होती. त्यानंतरच्या तीन लीप दिवसांनी ते ४४ वर आलं.

ड्रीमस्पेलमधून कुणाला ध्यानाला, आत्मपरीक्षणाला आधार मिळत असेल तर त्यात गैर काही नाही. ही परंपरागत गणना नव्हे, हे तिचे जाणकार अनुयायीही मान्य करतात. पण तिला सरसकट ‘माया’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ग्वातेमालातल्या १९६० ते १९९६ च्या यादवीत मारले गेलेले बहुतेक लोक माया होते, आणि त्याच समाजाने या सगळ्यातून आपले दिवस मोजत आणले. त्यांच्या नावावर दुसऱ्याचं कॅलेंडर खपवू नये.

समोरचं पान कोणती गणना वापरतंय हे ओळखायला २०२४ च्या तीन तारखा टाकून पाहा. चोल्कीहप्रमाणे २८ फेब्रुवारी ८ कामे, २९ फेब्रुवारी ९ केह आणि १ मार्च १० कानिल. नावं युकातेक भाषेत असली, तर हेच दिवस ८ किमी, ९ मानिक आणि १० लामात असे दिसतील. चिन्हाआधी रंग लागला असेल आणि २९ तारखेला स्वतःचा क्रमांकच नसेल, तर ती ड्रीमस्पेल.