कॉफीतलं तूप पायांपर्यंत कधी पोचतं?

डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर यायचं म्हणजे कानटोपी हवीच. निफाडचा पारा उतरला की मागोमाग नाशिकचाही उतरतो. अशाच एका पहाटे आमच्या पळणाऱ्यांच्या टोळीतला एक तरुण, अंबडच्या एमआयडीसीत कामाला असलेला, स्टीलचा थर्मास घेऊन आला. झाकण उघडलं तशी आधी कॉफीचा वास आला आणि पाठोपाठ कढवलेल्या लोण्याचा. "सर, घ्या घोटभर. दोन चमचे साजूक तूप, एक चमचा खोबरेल, साखर अजिबात नाही. पळायच्या आधी अर्धा तास प्यायची, थेट एनर्जी मिळते." कपात ओतली तर वर सोनेरी तवंग, आणि थंडीमुळे तो कडेकडेने गोठायलाही लागला होता.

मी अडखळलो तो त्याच्या 'थेट' या शब्दापाशी. वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: आपण खातो त्या सगळ्या पदार्थांत सर्वांत आडवळणाने जाणारा पदार्थ कुठला असेल तर तो म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्याची वाट इतकी सुंदर आहे की ती सांगायला मला कुठलंही निमित्त पुरतं.

हे पेय जगभर पसरलं ते डेव्ह अ‍ॅस्प्री या अमेरिकी उद्योजकामुळे. तिबेटात प्यायलेल्या याकच्या लोण्याच्या चहावरून त्याला ही कल्पना सुचली आणि २००९ च्या सुमारास त्याने ती लोकांपुढे ठेवली. तिबेटी माणूस असा खारट, लोणी घातलेला चहा पितो यात नवल नाही. चार हजार मीटर उंची, हाडं गोठवणारी थंडी आणि दिवसभराची अंगमेहनत. तिथे प्रत्येक कॅलरी मोलाची. आपण पाच किलोमीटर पळून नऊ वाजता खुर्चीत बसणार. पेय तेच, पण गरज साफ वेगळी.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरले की निम्मा गोंधळ मिटतो. एक तरतरी आणि दुसरी ऊर्जा. 'एनर्जी' या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो. साध्या काळ्या कॉफीच्या कपात जेमतेम दोन-चार कॅलरी असतात, म्हणजे ऊर्जा जवळपास शून्य. तरी ती पिऊन माणूस ताजातवाना होतो. याचं कारण मेंदूत आहे. पेशी काम करतात तसतसं त्यांचं इंधन, एटीपी, खर्च होतं आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू साचत जातो. मेंदूतल्या ठरावीक ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, अ‍ॅडेनोसिन जाऊन बसलं की दमल्यासारखं वाटतं, झोप येते. कॅफिनचा रेणू आकाराने त्याच्याशी मिळताजुळता असतो. तो त्या जागा अडवतो, पण दमल्याचा निरोप काही देत नाही. दमणूक आहे तिथेच राहते, ती आपल्याला जाणवत मात्र नाही. प्यायल्यापासून पाऊण तासात रक्तातलं कॅफिन जवळपास शिगेला पोचतं आणि ते निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

व्यायामात याचा उपयोग होतो हे खरं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना व्यायामाच्या तासभर आधी ३३० मिलिग्रॅम कॅफिन असलेली कॉफी दिली. एरवी सुमारे ७५ मिनिटांत थकणारे ते खेळाडू ९० मिनिटं टिकले. कॅफिनमुळे शरीर जास्त चरबी जाळतं आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वाचतो, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे हे स्पष्टीकरण मागे पडलं आणि मेंदूतल्या अ‍ॅडेनोसिनचं पुढे आलं. पण 'कॉफी म्हणजे फॅट बर्न' हे जुनं समीकरण जिममध्ये अजून टिकून आहे. खेळाडूंच्या अभ्यासांत वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन दिलं जातं. साठ किलोच्या माणसाला किमान १८० मिलिग्रॅम. इन्स्टंट कॉफीच्या भरल्या चमच्यात ६० च्या आसपास असतं, आणि पुडीवर चिकोरी ३० टक्के लिहिलेली असेल तर आणखी कमी. थोडक्यात, आपल्या घरच्या दुधाळ कॉफीत खेळाडूंचा डोस नसतो. रक्तदाब, छातीत धडधड किंवा आम्लपित्त असेल तर त्या डोसाच्या मागे लागूही नये.

तरतरीचं झालं. आता तूप.

मिसळीवरची तर्री आठवा. रश्श्यात कितीही ढवळा, ती पुन्हा वर येऊन तरंगते. कॉफीवरचा तवंग तसाच. म्हणून हौशी लोक ती मिक्सरमध्ये फिरवतात, मग फेसाळ, एकजीव दिसते. लोणी घातलं असेल तर त्यातली दुधाची प्रथिनं थेंबांभोवती कवच धरतात आणि हा एकजीवपणा थोडा टिकतो. तूप कढवताना प्रथिनं बेरीत निघून जातात, त्यामुळे तुपाची कॉफी कपातच लवकर फुटते. पोटात गेल्यावर तर मिक्सरच्या कामाला फारसा अर्थ उरत नाही, कारण तिथे पित्तरस आहे. पण पित्तापर्यंत पोचण्याआधी एक फाटक लागतं. जठरातून लहान आतड्यात स्निग्ध पदार्थाचा पहिला हप्ता उतरला की आतड्याची भिंत कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडते. ते जठराला सांगते, सावकाश, एवढं पचेपर्यंत पुढचं पाठवू नकोस. पोट भरल्याची भावना बराच वेळ टिकते ती यामुळे. खुर्चीत बसलेल्याला ती बरी वाटते. पळणाऱ्याच्या पोटात मात्र तेल आणि कॉफी डचमळत राहते.

हेच संप्रेरक पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतं. पित्तातले क्षार तुपाच्या थेंबांचे बारीक बारीक कण करतात, स्वादुपिंडातलं लायपेज हे पाचक विकर ते तोडतं आणि चरबीचे घटक, म्हणजे मेदाम्लं, सुटी होतात. ती आतड्याच्या पेशीत शिरतात. साखरेचे रेणू इथून सरळ रक्तात जातात आणि यकृताची वाट धरतात. तुपातली बहुतेक मेदाम्लं तसं करत नाहीत. पेशी त्यांना पुन्हा जोडते, पुन्हा चरबी बनवते, भोवती प्रथिनाचं वेष्टण घालते आणि एक गोळा तयार करते, कायलोमायक्रॉन. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, तरीही आतड्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतून आत जायला फार मोठा. मग तो शेजारच्या लसीकावाहिनीत, म्हणजे लसीका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळीत, शिरतो. तिच्या भिंतीतल्या पेशी दाराच्या झडपांसारख्या एकमेकींवर सैल टेकलेल्या असतात, म्हणून तिथे त्याला वाट मिळते.

या वाहिन्या पहिल्यांदा ओळखल्या त्या इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या गास्पारे आसेल्लीने, १६२२ मध्ये. एका कुत्र्याचं विच्छेदन करताना आतड्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी त्या नसाच वाटल्या. एक टोचली तर आतून दुधासारखा पांढरा द्रव आला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुत्र्यावर तेच करून पाहिलं, तर काहीच दिसेना. पहिला कुत्रा नुकताच खाऊन आला होता, दुसरा उपाशी होता. एवढ्या एका फरकावरून त्याने ओळखलं की हे जेवणातलं काहीतरी वाहून नेणारे मार्ग आहेत. ते यकृताकडे जातात असं मात्र तोही समजला, कारण जुन्या ग्रीक-रोमन वैद्यकात सगळं अन्न यकृताकडेच जायचं. फ्रान्सच्या झां पेकेने १६५१ मध्ये दाखवलं की हा प्रवाह पाठीच्या कण्याशेजारून छातीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरेत उतरतो.

म्हणजे पोटातलं तूप रक्तात येतं ते मानेपाशी. त्या वाटेवर हृदयासारखा पंप नाही. श्वासाचा दाब, स्नायूंची हालचाल आणि वाहिनीचं स्वतःचं हलकं आकुंचन, एवढ्यावर ते वर सरकतं. स्निग्ध जेवणानंतर रक्तातली चरबी शिगेला पोचायला तीन-चार तास लागतात. आणखी गंमत अशी की सकाळच्या खाण्यानंतर सुरुवातीला रक्तात उतरणाऱ्या कायलोमायक्रॉनमध्ये आदल्या रात्रीच्या जेवणातली चरबी सापडते. ती आतड्याच्या पेशींत थांबून राहिलेली असते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते याच तरुणामुळे. ऑफिसच्या आरोग्य तपासणीसाठी तो सकाळी रक्त द्यायला गेला, मी सोबत होतो. "उपाशीपोटीच आलोय, फक्त कॉफी घेतलीय," त्याने सांगितलं. थोड्या वेळाने तंत्रज्ञ ताई नळी घेऊनच बाहेर आल्या. नळीत खाली लाल पेशी बसलेल्या आणि वरचा द्रव, जो फिकट पिवळा आणि पारदर्शक असायला हवा, तो ताकाच्या निवळीसारखा गढूळ. "दादा, कॉफीत काय होतं?" तूप पिऊन तीन तास झाले होते, आणि तूप तेव्हा कुठे रक्तात फिरत होतं. दूध पांढरं दिसतं आणि हा द्रव गढूळ दिसतो, दोन्हींचं कारण एकच: चरबीचे बारीक गोळे प्रकाश विखुरतात. ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, तपासणीसाठी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं, या वेळी नुसतं पाणी पिऊन.

रक्तात आलं म्हणजे स्नायूला मिळालं, असंही नाही. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला लायपोप्रोटीन लायपेज हे विकर चिकटलेलं असतं. ते कायलोमायक्रॉनमधली चरबी पुन्हा एकदा तोडतं. स्नायूतलं आणि चरबीच्या पेशींजवळचं विकर उलटसुलट वागतं. उपाशी असताना स्नायूकडचं जोरात चालतं, जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की चरबीच्या पेशींकडचं. सुट्या मेदाम्लाला मग स्नायूपेशीत शिरून सहविकर ए ची जोड घ्यावी लागते, कार्निटिन या वाहक रेणूच्या होडीत बसून मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीचं, आतलं पटल ओलांडावं लागतं, आणि तिथे दर फेरीला दोन-दोन कार्बन तुटतात. तुपातल्या पामिटिक आम्लात १६ कार्बन, म्हणजे सात फेऱ्या. तेवढ्या वेळात आपला तरुण घरी जाऊन अंघोळ करून ऑफिसात पोचलेला असतो.

खोबरेलाची वाट थोडी वेगळी आहे. आठ आणि दहा कार्बनची मेदाम्लं सरळ यकृतात जातात आणि मायटोकाँड्रियात शिरायला त्यांना कार्निटिनची फारशी गरज लागत नाही. 'एमसीटी ऑइल' म्हणजे अशाच मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं तेल, त्याची सगळी जाहिरात यावर उभी आहे. पण साध्या खोबरेलात ही दोन मेदाम्लं मिळून १५ टक्क्यांच्या आसपास. १४ ग्रॅमच्या चमच्यात दोन ग्रॅम. सर्वांत मोठा वाटा बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा, आणि त्यातलं बरंचसं तुपाच्याच वाटेने मानेकडे जातं. शुद्ध एमसीटी जास्त प्यायलं तर पोटात मुरडा येतो आणि मैदानाऐवजी घराकडे पळावं लागतं.

या सगळ्यावर त्याने मला एक चांगला प्रश्न विचारला. "पण सर, साखरेने इन्सुलिन वाढून चरबी जळणं थांबतं. तुपाने तर थांबत नाही?" बरोबर, तुपाने इन्सुलिन फारसं हलत नाही. पण हिशेब मांडून बघू. साठ किलोच्या माणसात २० टक्के चरबी धरली तर ती १२ किलो होते, म्हणजे नव्वद हजारांहून जास्त कॅलरी. रात्रभराच्या उपासानंतर पहाटे त्या साठ्यातली मेदाम्लं आधीच रक्तात फिरत असतात. एवढं भरलेलं कोठार असताना त्यात दोन मोठे चमचे तूप, म्हणजे आणखी अडीचशे कॅलरी, ओतून काय मिळवायचं? पाच किलोमीटर पळण्यात त्याच्या साधारण तीनशे खर्च होतात. वजन उतरवायला पळणाऱ्याने आधीच ते भरून टाकले.

शिवाय वेग वाढला की चरबी मागे पडते. तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबीला साखरेपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. गप्पा मारत पळता येईल अशा वेगात चरबी छान जळते, पण धाप लागायला लागली की स्नायू ग्लायकोजेनकडे वळतात. म्हणून जोरात पळायचं असेल तर तासभर आधी एक केळं किंवा मूठभर मनुके. मुठीत ३० ग्रॅम मावले तर त्यातले २४ ग्रॅम कर्बोदकं. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने यासाठी परदेशी पुडी विकत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तुपाबद्दल आणखी एक समज पुसायलाच हवा. 'तूप खाल्लं की सांध्यांना वंगण मिळतं' हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो. तूप कुठून कुठे जातं ते वर आलंच आहे, त्या वाटेवर गुडघा लागत नाही. सांध्यातलं वंगण हायल्युरोनिक आम्ल आणि लुब्रिसिन या प्रथिनाचं असतं, ते सांध्याचं अस्तर स्वतः तयार करतं. गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तुपाची वाटी वाढवू नका. संपृक्त चरबी दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन हजार कॅलरींच्या आहारात ते २२ ग्रॅम होतात, आणि दोन मोठे चमचे तूप त्यातले १७-१८ सकाळीच संपवतं.

तूप मीही खातो, गरम वरणभातावर, चवीने.

परवा त्याने विचारलं, "मग श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची आहे, तेव्हा तरी?" तिथे गोष्ट वेगळी आहे. चालायचा वेग, कित्येक तास आणि मुख्य इंधन चरबीच. पहाटे प्यायलेलं तूप अर्ध्या वाटेवर खरंच कामाला येईल. फक्त आधीच्या एखाद्या रविवारी ते घरी पिऊन गंगापूर धरणाच्या रस्त्याने दोन-तीन तास चालून बघ, असं मी त्याला सांगितलं. पोट काय म्हणतं ते फेरीत, पावसात, गर्दीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.